विषय: हॉलचा डिश बॉक्स – पत्र्याचा की प्लास्टिकचा? (आषाढीच्या आत)

प्रेषक: चिटणीस, मस्कत

मंडळी,

सोलापूरच्या आपल्या हॉलचा डिश बॉक्स (छत्रीवरून, म्हणजे डिशवरून, आलेला सिग्नल टीव्हीवर दाखवणारा) पुन्हा बिघडला. वहिनींचा काल रात्री फोन होता. दुपारी दोन-अडीचनंतर चित्राचे चौकोन पडतात, मग बॉक्स आपोआप बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि दिवस कलेपर्यंत हेच चालतं. आषाढी तोंडावर आली आहे. पंढरपूरची महापूजा सह्याद्री वाहिनीवर बघायला पूर्व भागातले सगळे ज्येष्ठ हॉलवरच जमतात, मागच्या वेळसारखी ऐनवेळची पळापळ नको.

दुकानदाराने दोन बॉक्स दाखवलेत. एक पत्र्याच्या पेटीचा, सप्लाय (वीजपुरवठ्याचा भाग) आतच, हाताला जड. दुसरा तळहाताएवढा, प्लास्टिकचा, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. किमतीत फारसा फरक नाही. दोन्ही फ्री डिशला, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेला, चालतात.

कोणता घ्यायचा ते ओमानमधल्या (मस्कत, रुवी, सीब) आणि सोलापुरातल्या सगळ्यांनी रविवारपर्यंत कळवा. फोटो वहिनींनी ग्रुपवर टाकले आहेत.

---

प्रेषक: भाऊ, रुवी

पत्र्याचाच घ्या, यात विचार करण्यासारखं काही नाही. इकडे गच्चीवर मे-जूनमध्ये काय तापतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्लास्टिक उष्णता धरून ठेवतं, पत्रा बाहेर टाकतो. माझ्याकडचा पत्र्याचा बॉक्स अजून चालू आहे.

शिवाय नुसता बॉक्स बदलून भागणार नाही. छत्रीवरचा एलएनबी (छत्रीने गोळा केलेला सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) जुना आहे, तोही बदला आणि पीएलएल प्रकारचाच (क्रिस्टलने फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा) घ्या. जुन्या, क्रिस्टल नसलेल्या डीआरओ एलएनबीची फ्रिक्वेन्सी उन्हाने सरकते. दुपारी चित्र फुटण्याचं मूळ तिथेच असणार.

आणि एक. तांत्रिक खरेदी समितीमार्फत व्हावी असं वार्षिक सभेत ठरलं आहे. दुकानदाराशी परस्पर बोलणी नकोत.

---

प्रेषक: अण्णा, नवी पेठ

चिटणीस, भाऊ, सर्वांस नमस्कार.

काल जाऊन दोन्ही बॉक्सची झाकणं उघडून घेतली. दुकानदार ओळखीचा आहे, नाही म्हणाला नाही. समितीचा मान ठेवूनच लिहितो, पण ज्याचं झाकण उघडलं नाही त्या बॉक्सबद्दल मत देऊ नये. दुकानात आयुष्य गेलं, बाहेरून देखणे आणि आतून पोकळ बॉक्स फार बघितले.

पत्रा उष्णता बाहेर टाकतो हे खरं, पण ती उष्णता आधी पत्र्यापर्यंत पोचायला हवी. या बॉक्समध्ये मुख्य चिप बोर्डाच्या मधोमध आहे, वर बोटाच्या पेराएवढी हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) चिकटवलेली आणि तिच्यात नि झाकणात चांगलं दोन बोटं अंतर. मधे नुसती हवा. हवा काही उष्णता वाहून नेत नाही, ती हलली तरच नेते. हलायला खालून भोकं पाहिजेत आणि वरूनही पाहिजेत. याला भोकं फक्त वरच्या झाकणाला आहेत, तळ सपाट बंद. थंड हवा आत येणार कुठून?

त्यात सप्लाय आतच. २३० व्होल्ट येतात तिथला ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर सगळे त्याच पेटीत तापतात. सप्लायचे कपॅसिटर बघितले, ८५ अंशांपर्यंत सोसणारे लावलेत. चांगल्या मालात १०५ चे असतात, अंगावरच छापलेलं असतं. हिशेब सोपा आहे: कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज जातो, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहून वर. मग बंद पेटीतल्या कपॅसिटरच्या वाट्याला काय येत असेल ते बघा. डोकं फुगतं, तळाशी तपकिरी पाणी दिसतं आणि बॉक्स आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. हॉलच्या जुन्या बॉक्सचं नेमकं हेच झालंय. उघडला तेव्हा आउटपुटचा मोठा कपॅसिटर वर फुगला होता, बोटाने दाबला तर कडक लागला.

आता प्लास्टिकचा. याची मोठी जमेची बाजू म्हणजे सप्लाय बाहेर, अडॅप्टरमध्ये. सप्लायची उष्णता पेटीत येतच नाही. अडॅप्टर बिघडला तर तेवढाच बदलायचा, सात रस्त्यावर कुठेही मिळतो. तळाला आणि बाजूला लांब फटी आहेत, खाली चार रबरी पाय, म्हणजे हवा आत शिरायला वाट आहे. चिपवरची हीटसिंक रुंद, आणि चिपखाली बोर्डाच्या मागच्या बाजूला तांब्याचा मोठा पट्टा मोकळा सोडलाय. कोणीतरी विचार करून बोर्ड काढलेला आहे.

एक जागा मात्र दोन्हींत बघायला हवी, ती म्हणजे एलएनबीला करंट देणारा भाग. उभ्या ध्रुवणाच्या (ज्यांच्या लहरी उभ्या दिशेत हलतात त्या) चॅनलला १३ व्होल्ट जातात, आडव्याच्या चॅनलला १८. पत्र्याच्या बॉक्समध्ये हे काम साधा लिनिअर रेग्युलेटर करतो. समजा आत २४ व्होल्ट आहेत आणि एलएनबी १५० मिलिअँपिअर ओढतो. १३ व्होल्ट देताना मधले ११ व्होल्ट रेग्युलेटरमध्येच जळतात, म्हणजे दीड वॉटच्या वर. १८ देताना ६ व्होल्ट, म्हणजे वॉटाच्या आत. लोकांना वाटतं जास्त व्होल्ट म्हणजे जास्त गरम, इथे उलट आहे. आणि त्या रेग्युलेटरला स्वतःची हीटसिंक नाही, ट्यूनरच्या (चॅनल निवडणाऱ्या भागाच्या) डबीला टेकून उभा केलाय. डबी मुळात तापणारी, त्यात याची भर. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये १२ व्होल्टवरून स्विचिंग करून (वेगाने चालू-बंद करून) १३ आणि १८ तयार होतात, त्यात नासाडी कमी.

म्हणून माझं मत प्लास्टिकचा घ्यावा. पत्र्याला माझा विरोध नाही. तळाला भोकं असलेला, १०५ चे कपॅसिटर असलेला पत्र्याचा बॉक्स मिळाला तर तोच डोळे झाकून घ्या. पण दुकानात तो नाही.

---

प्रेषक: खजिनदार, सीब

अण्णा, माहिती चांगली आहे, पण महापूजा पहाटे असते हो. आषाढात पहाटे सोलापुरात कुठला उकाडा? तेवढ्यासाठी नवीन बॉक्स कशाला? फुगलेला कपॅसिटर बदलून जुनाच वापरता येणार नाही का? मंडळाच्या खात्यातून गड्डा जत्रेच्या वेळेलाही खर्च झालाय, तो अजून सभेपुढे यायचाय.

---

प्रेषक: वहिनी, साखर पेठ

खजिनदार भाऊजी, हॉलची किल्ली माझ्याकडे असते म्हणून सांगते. टीव्ही काही महापूजेपुरता लावत नाहीत. सकाळी नऊला आजोबा मंडळी येतात, दुपारी विड्या वळून झाल्या की बायका येतात, रात्री आठला मी कुलूप लावते. बॉक्स दिवसभर चालू असतो. रात्री टीव्ही बंद करतात पण बॉक्सचं बटण कोणी बंद करत नाही, लाल दिवा पेटलेलाच असतो.

आणि अण्णा, तुम्ही बॉक्स उघडलात तो इथून काढून नेल्यावर. तो ठेवलेला असतो कुठे ते मी सांगते. भिंतीतल्या कोनाड्यात, भजनाच्या अँप्लिफायरच्या अंगावर. वर विणलेला रुमाल, रुमालावर विठोबाची तसबीर. शेजारी टॉवेलचा कारखाना आहे. माग चालू असले की खिडकीतून सुताचं तूस येतं, सकाळी पुसलेलं कपाट दुपारी पांढरं. जुन्या बॉक्सच्या झाकणाच्या भोकांवरून मी बोट फिरवलं तर तुसाची अख्खी चकती निघून आली, खाली भोकं दिसली तेव्हा कळलं की भोकं आहेत.

---

प्रेषक: अण्णा, नवी पेठ

वहिनी, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. अँप्लिफायर खालून तापवतो, रुमाल वरून झाकतो आणि तूस उरलेली भोकं बुजवतं. असं असल्यावर कुठलाही बॉक्स दोन उन्हाळे काढणार नाही, मग तो पत्र्याचा असो की प्लास्टिकचा.

खजिनदार, कपॅसिटर बदलता येतो, मी बदलून देईनही, पैसे नकोत. पण बोर्ड एवढा काळ तापल्यावर ट्यूनरच्या आसपासचे सोल्डरचे डाग सैल होतात. चार दिवस चालेल आणि ऐन महापूजेला बंद पडेल. दुरुस्त केलेला बॉक्स राखीव म्हणून हॉलवर ठेवू, नवीन मुख्य म्हणून लावू.

तसबिरीला भिंतीवर खिळा मारून चांगली जागा करू. बॉक्ससाठी फळी मी देतो, कोनाड्याच्या बाहेर, टीव्हीच्या बाजूला, चारही बाजूंनी मोकळी. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने फटी झटकायच्या, ओलं फडकं नको. आणि रात्री मुख्य बटण बंद करायचं. तेवढं तुम्हीच बघितलंत तर होईल.

---

प्रेषक: भाऊ, रुवी

अण्णा, बॉक्सचं तुमचं मला पटलं. लिनिअर रेग्युलेटरचा मुद्दा बरोबर आहे, फोटोत मलाही तो ट्यूनरला टेकलेला दिसला. समितीतर्फे प्लास्टिकच्या बॉक्सला माझी हरकत नाही, तशी नोंद करावी.

पण एलएनबीवर तुम्ही काहीच लिहिलं नाही. तो तर थेट उन्हात आहे. ०.१ डेसिबल नॉइज फिगरचा (सिग्नलमध्ये स्वतःची खरखर फार कमी मिसळणारा) पीएलएल मिळतो, तो का घेऊ नये?

---

प्रेषक: ताई, जुळे सोलापूर

एलएनबीचं निघालं म्हणून लिहिते. आमच्या शेजारी रंगाऱ्याने बंगल्याबरोबर छत्रीलाही चकचकीत पांढरा ऑइलपेंट मारला. दिसायला छान दिसत होती. मार्चमध्ये एके दिवशी अकराच्या सुमारास चॅनल गेले ते गेलेच. वर जाऊन बघितलं तर एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी एका बाजूने वितळून खाली ओघळली होती. हॉलच्या छत्रीलाही कोणीतरी रंग मारा म्हणत होतं ना? कृपया मारू नका.

---

प्रेषक: अण्णा, नवी पेठ

ताईंनी लिहिलंय ते सगळ्यांनी नीट वाचा. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर दिसतो, म्हणून आपल्याकडे ही वेळ अकराच्या आसपास येते. तेव्हा काही मिनिटं चॅनल जातात, ते चालायचंच. पण छत्री चकचकीत असली तर लहरींबरोबर ऊनही एलएनबीच्या तोंडावर गोळा होतं. कंपनीचा रंग मुद्दाम खरखरीत आणि मंद ठेवलेला असतो, ऊन विखुरलं जावं म्हणून. गंजली असेल तर तेवढ्या जागेला रेडऑक्साइड आणि वर मंद राखाडी, बाकी हात लावू नका.

भाऊ, पीएलएल चांगलाच असतो, त्यात क्रिस्टल असल्याने फ्रिक्वेन्सी कमी सरकते. पण सरकण्याचा त्रास अरुंद चॅनलना होतो. फ्री डिशच्या ट्रान्सपॉन्डरचा (उपग्रहावरच्या प्रक्षेपकाचा) सिम्बॉल रेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, २९५०० आहे, इतक्या रुंद पट्ट्यात एक-दोन मेगाहर्ट्झ इकडेतिकडे झाले तर बॉक्स ते सांभाळून घेतो. दुपारचे चौकोन एलएनबीमुळे नव्हते. मी माझा बॉक्स त्याच केबलला लावून भर दुपारी बघितलं, चित्र एकदाही फुटलं नाही. आणि पाकिटावरच्या ०.१ वर विसंबू नका, तो आकडा सगळेच छापतात.

एलएनबी घेताना मी दुसरं बघतो. अंग ओतीव अॅल्युमिनियमचं आहे का, तोंडावरची टोपी जाड आणि घट्ट आहे का, जोडाला रबरी रिंग आहे का. आपल्याकडे एलएनबी मरतो तो पावसाने. उन्हाने टोपीला केसाएवढी चीर जाते, चार-सहा महिने कळत नाही, आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी आत शिरतं. हॉलच्या एलएनबीची टोपी पिवळी पडलीय पण चीर नाही. तो राहू दे.

केबल मात्र बदलायला हवी. आरजी-६ (डिशची नेहमीची जाड केबल) आहे पण आतली तार लोखंडाची, वर तांब्याचा नुसता मुलामा. गच्चीपासून कोनाड्यापर्यंत लांबी बरीच आहे, वाटेत व्होल्ट पडतात. १८ चे १५ च्या खाली गेले की एलएनबी त्याला १३ समजतो आणि आडव्या ध्रुवणाचे सगळे चॅनल गायब होतात. पूर्ण तांब्याची घ्या. एलएनबीपाशी केबलला खाली वळण द्या म्हणजे पाणी थेंबाथेंबाने खाली पडेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. जोडावर रबरी टेप, साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते.

पाऊस धो-धो आला तर केयू-बँडला (डिश टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्याला) काही मिनिटं चित्र जाणारच, त्याला कुठलाही बॉक्स काही करू शकत नाही. म्हणून छत्री आता बारकाईने जुळवून घेऊ, सिग्नल गरजेपेक्षा जेवढा जास्त तेवढी जास्त सर सहन होते.

---

प्रेषक: खजिनदार, सीब

केबल तांब्याची म्हणजे किती मीटर, आणि बिल मंडळाच्या नावाने मिळेल का?

---

प्रेषक: चिटणीस, मस्कत

ठरलं तर. प्लास्टिकचा बॉक्स, तांब्याची केबल, रबरी टेप. एलएनबी आणि छत्री तीच. जुना बॉक्स अण्णा दुरुस्त करून राखीव ठेवतील. भाऊंची संमती समितीतर्फे नोंदवली. पैसे आज पाठवतो, बिल मंडळाच्या नावाने घ्यावं. अण्णा, केबल किती लागेल ते मोजून खजिनदारांना कळवा.

छत्री जुळवायला वर कोण चढणार? अण्णांनी चढू नये, ही माझी विनंती आहे.

---

प्रेषक: वहिनी, साखर पेठ

कारखान्यातला पोरगा चढतो म्हणालाय, शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा. अण्णांनी खाली टीव्हीपाशी बसून सिग्नलचा आकडा सांगायचा. पण हॉलची शिडी गणपतीनंतर कोणी नेली ती परत आली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुरुवारपर्यंत आणून ठेवा.

---

प्रेषक: ताई, जुळे सोलापूर

शिडी आमच्याकडे नाही, पण आमची अॅल्युमिनियमची आहे ती पाठवते. मुलगा बुधवारी होटगी रोडला जाणार आहे, येताना हॉलवर टेकवून जाईल. वहिनी, किल्ली पाचपर्यंत शेजारी देऊन ठेवा.