हापूससाठी पुन्हा वापरता येणारा क्रेट : मापे कशावरून ठरवावीत?

प्रश्न (देवगड)
नमस्कार. आमच्या गटाचा निम्मा हापूस वाशीच्या बाजारात जातो आणि उरलेला फोंडा घाटातून कोल्हापूरला जाऊन आमच्याच स्टॉलवर विकला जातो. लाकडी पेटी गेली की परत येत नाही आणि वळवाच्या पावसात पुठ्ठ्याचा खोका तळातून बसतो. म्हणून वर्षानुवर्षे टिकेल, गाडीत थरावर थर रचता येईल आणि स्टॉलवर तसाच उघडून मांडता येईल, असा प्लास्टिकचा क्रेट बनवून घ्यावा असे वाटते. कुठून सुरुवात करावी?

उत्तर (रत्नागिरी)
सुरुवात फळापासून करावी. बाहेरून ६० × ४० सेंमी हे माप सर्वत्र चालते आणि १२० × ८० सेंमीच्या पॅलेटवर (माल रचून उचलायच्या सपाट चौकटीवर) असे चार क्रेट नेमके बसतात. आतून सुमारे ५६ × ३६ सेंमी जागा मिळते. अडीचशे ग्रॅमचे फळ ७ सेंमी रुंद व ९ सेंमी लांब धरले, तर एका थरात ३२ आणि दोन थरांत ६४ फळे मावतात. म्हणजे पाच डझनांचा हिशेब जुळतो आणि फळांचे वजन पंधरा किलोंच्या आसपास राहते. तिसरा थर कृपया लावू नका, कारण खालच्या फळाला बसलेला दाब काढणीच्या वेळी दिसत नाही, तो पिकल्यावर काळ्या डागातून दिसतो. क्रेटची कड वरच्या फळापेक्षा उंच हवीच, म्हणजे वरच्या क्रेटचा भार भिंतींवर येईल, आंब्यावर नाही. डेखासह (देठासह) काढलेल्या फळाचे डेख शेजारच्या सालीत रुतते, म्हणून थरांमध्ये पेंढ्यासाठी किंवा कागदासाठीही उंची ठेवावी.

उत्तर (वेंगुर्ले)
वरील हिशेब मला पटतो. मांडणीबद्दल मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. दर्शनी भिंत पूर्ण उघडणारी केली, तर भार पेलणारी बाजूच कमकुवत होते. चारही कोपरे अखंड ठेवून लांब बाजूचा फक्त वरचा अर्धा भाग खाली पडेल असे करावे, गिऱ्हाईकाला तेवढे पुरते. घाटातल्या हादऱ्यांनी फळ भिंतीवर घासते, त्यामुळे आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि हवेच्या छिद्रांच्या कडा गोलाकार असाव्यात. प्रत्येक फेरीनंतर क्रेट धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि पेंढा नवाच घालावा. ओलसर जुन्या पेंढ्यातली बुरशी पुढच्या फळांना लागते.

उत्तर (राजापूर)
माझ्या मते खरा प्रश्न परतीचा आहे. कोल्हापूरला गाडी आणि स्टॉल आपलेच असल्याने क्रेट हमखास परत येईल; वाशीला अनामत ठरवल्याशिवाय तो पाठवू नये. रिकामे क्रेट एकात एक बसतील अशी रचना घडीच्या रचनेपेक्षा बरी, कारण बिजागऱ्या आधी मोडतात. आंबा संपल्यावर क्रेट मेनंतर पडून राहतात, म्हणून भाजीवाल्या शेतकऱ्यांना ते भाड्याने देण्याचे आताच बोलून ठेवावे आणि सावलीत रचून ठेवावेत, कारण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. साचा महाग पडतो. त्यामुळे आधी बाजारात मिळणारे याच मापाचे क्रेट एक हंगाम वापरून पाहावेत, मगच दर्शनी भागाचा आराखडा पक्का करावा.