पेट्रोल हॅचबॅकमध्ये मिसिंग, कोड पी ०३०२ आणि पी ०१७१ : कॉइल बदलावी की सेन्सर?

घाटवाट :
दोन महिन्यांपूर्वी मी २०१४ सालची चार सिलिंडरची जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. मीटरवर ८२ हजार किलोमीटर आहेत आणि आधीच्या मालकाने बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नोझलने गॅस देणारे) सीएनजी किट बसवून घेतलेले आहे. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि वेग घेतल्यावर बरेचसे शांत होते. सीएनजीवर मात्र खंबाटकीच्या चढालाही धक्के बसतात. चेक इंजिनचा दिवा सतत पेटलेला असतो. ब्लूटूथ स्कॅनरवर पी ०३०२ आणि पी ०१७१ हे कोड दिसले. गॅरेजमध्ये चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) आणि पुढचा, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा, ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले. इतके भाग एकाच वेळी बिघडू शकतात का?

पाना_दहा :
शक्यता फार कमी आहे. पी ०३०२ इतकेच सांगतो की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही, म्हणजेच मिसिंग आहे. ते कॉइलमुळे, प्लगमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरल्यामुळे, हे त्यावरून कळत नाही, कारण ईसीयू (इंजिनचा संगणक) केवळ क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला क्षणिक फरक मोजून हा निष्कर्ष काढतो. इंजिन थंड असताना दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी चालवून पाहा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब आहे. पी ०३०२ च राहिला तर ती कॉइल ठीक आहे आणि हाच प्रयोग प्लगवर करावा. प्लग काढताना तिथल्या खोबणीत तेल किंवा पाणी साचले आहे का, तेही पाहा. दिवा लुकलुकू लागला तर मात्र गाडी पुढे दामटू नका, कारण न जळलेले इंधन एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची किंमत चार कॉइलपेक्षा बरीच जास्त असते.

गॅसवरची_गाडी :
ऑक्सिजन सेन्सरवर माझा संशय नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. ही तक्रार तो सेन्सर करतो, म्हणून तोच बिघडला असे होत नाही. शिवाय मिसिंगमध्ये न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, त्यामुळेही असा कोड येऊ शकतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, पाहा, शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (सरासरीचा) दोन्ही, आणि तेही पेट्रोलवर. उभ्या गाडीत आकडा मोठा आणि २५०० आरपीएमला लहान होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) कुठून तरी बाहेरची हवा ओढली जात आहे. उलट, भार वाढेल तसा आकडा वाढत गेला तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे वळावे. आत येणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही खूण विशेष स्पष्ट दिसते. सीएनजी किट बसवताना मॅनिफोल्डला भोके पाडून गॅसचे नोझल बसवतात, हे विसरू नका. त्या कामात घाई झाली की वर्षानुवर्षे भोगावे लागते.

पाना_दहा :
नोझलचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही कॉम्प्रेशन मोजून घ्या. बरीच वर्षे गॅसवर चाललेल्या काही इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, आणि ते निघाले तर कॉइल-सेन्सरची चर्चाच व्यर्थ ठरते.

घाटवाट :
दोघांचे आभार. कॉइल व प्लग दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, तरी कोड पी ०३०२ च राहिला. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे आहे. उभ्या गाडीत लाँग टर्म ट्रिम +२२ टक्के आणि २५०० आरपीएमला +६ होते. माझ्या गाडीत एअर-फ्लो सेन्सर आहे. दुसऱ्या गॅरेजमध्ये धुराची चाचणी (मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून गळती शोधणे) करून घेतली, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरजवळच्या सीएनजी नोझलच्या बुडातून धूर निघाला. नोझलचा पेच ढिला होता. तो सीलंट लावून नीट बसवल्यावर पेट्रोलवरची थरथर गेली आणि ट्रिम +४ वर आले. सीएनजीवर चढाला धक्के अजून जाणवतात.

गॅसवरची_गाडी :
गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून जुन्या प्लगची वाढलेली फट आधी गॅसवरच जाणवते. प्लग नवे घाला आणि फट किटच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ठेवा. त्यानंतरही धक्के राहिले तर गॅसचे फिल्टर बदलून किटचे ट्यूनिंग पुन्हा करून घ्या.