मदत हवी आहे: सेल्मा १९६५, केंद्र सरकार १३ दिवस का थांबलं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात दर महिन्याला कुणीतरी अर्धा तास बोलतं. या खेपेला माझी पाळी आहे आणि मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं सेल्मा शहर घेऊन बसलेय. वाचन बरंच झालंय, पण एका जागी गाडी अडलीय.

कृष्णवर्णीयांना कागदोपत्री मताधिकार होताच. मतदार नोंदणीचं ऑफिस मात्र महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. दिवसभर रांगेत उभं राहायचं, आत गेलं की राज्यघटनेवर प्रश्न, आणि पास-नापास ठरवणार समोरचा गोरा अधिकारी. शेरीफ जिम क्लार्क तर कोटावर ‘कधीच नाही’ असा बिल्ला लावून फिरायचा. तो बिल्ला काही डोक्यातून जात नाही.

याविरुद्ध मोर्चा काढून ७ मार्चला सुमारे ६०० माणसं सेल्मातल्या एडमंड पेटस पुलावर पोचली. राज्याच्या पोलिसांनी अश्रुधूर सोडून लाठ्या चालवल्या, मोर्चाचे एक नेते जॉन लुईस यांच्या कवटीला तडा गेला. हे सगळं टीव्हीवर दिसलं. तरी अध्यक्ष जॉन्सन यांनी अलाबामाचं नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) ताब्यात घेतलं ते थेट २० मार्चला. १९५७ साली लिटल रॉकला कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाप्रवेशासाठी तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवरनी हेच केलं होतं, म्हणजे अधिकार होता. मग घोडं कुठे अडलं?

शिवाय अलाबामाचा गव्हर्नर वॉलेस, त्याच्या पदाला मराठीत काय म्हणू? घरी तालीम केली तर सासूबाई म्हणाल्या, “राज्यपाल म्हणजे वरूनच नेमलेला ना? मग वरच्यांचं ऐकत कसा नाही?” माझी बोलती बंद.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

राज्यपाल अजिबात नको. तिथला गव्हर्नर निवडून आलेला असतो, आपला मुख्यमंत्री समजा.

उशिराचं म्हणाल तर मधल्या काळात मोर्चालाच कोर्टाची तात्पुरती मनाई होती. ९ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग पुलावरून मागे फिरले ते आठवा. न्या. फ्रँक जॉन्सन यांनी १७ तारखेला परवानगी दिली. मग वॉलेसनी कळवलं, बंदोबस्ताचा खर्च राज्याला झेपणार नाही. राज्यानेच हात वर केले म्हटल्यावर अध्यक्ष जॉन्सनना आयतं निमित्त मिळालं. माझ्या मते ते त्याचीच वाट बघत होते.

६ ऑगस्टचा मताधिकार कायदाही घ्या. परीक्षा बंद, आणि गरज पडेल तिथे केंद्राचे अधिकारी नोंदणीला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ७ टक्क्यांच्याही खाली होती, दोन वर्षांत निम्म्याच्या वर गेली.

धागाकर्ती

खूप आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं. आता विचारताहेत, मग राष्ट्रपती राजवट का नाही लावली?

प्रतिसाद १

त्यांच्या घटनेत ती सोयच नाही. भाषण सासूबाईंनाच करू द्या :)