मदत हवी आहे: बॉयलरमधून गरम पाणी येत नाहीये (अर्जंट)

सईची_आई
कालपासून नुसता वैताग आलाय. बॉयलर चालू आहे, लाइट लागतो, आवाजही येतो पण शॉवरला पाणी कोमटच. कधी कधी पहिलं मिनिटभर बरं येतं आणि डोक्याला शाम्पू लावला रे लावला की गार. बंद करून चालू केला, रिसेटचं बटण दाबून झालं, काही फरक नाही. त्यात सासूसासरे आलेत सांगलीहून, सासूबाईंना कडकडीत पाणी लागतं, सकाळपासून गॅसवर पातेली चढवतेय आणि जिन्यावरून वर नेतेय. काय बिघडलं असेल? प्लीज लवकर सांगा कोणीतरी.

आबा_सातारकर
गीझरची कॉइल गेली असणार. बोअरचं पाणी आहे का? क्षार साचून कॉइलवर पांढरा थर चढतो. इलेक्ट्रिशियनला सांगून थर्मोस्टॅटही बघून घ्या. तोवर बादलीत हीटिंग रॉड टाका, पण प्लास्टिकच्या बादलीला टेकू देऊ नका आणि स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

मनीमाऊ
किती लिटरचा आहे? वॉरंटी आहे का?

सईची_आई
अहो गीझर नाही, बॉयलर. कॉम्बी बॉयलर, गॅसवरचा, नळाचं पाणी आणि घरातले रेडिएटर दोन्ही तापवणारा, किचनच्या कपाटात असतो तो. त्याला लिटर नसतात, टाकीच नसते. यूकेत आहे, रेडिंगला, लिहायचं राहिलं. रॉड आणला तरी लावू कुठे, इथे बाथरूममध्ये साधा प्लगच नसतो.

आबा_सातारकर
मग तसं आधी लिहायचं ना.

लेस्टरचा_पोपट
प्रेशर बघा. बॉयलरच्या खाली गोल काटा असेल, थंड असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये पाहिजे. माझ्याकडे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा प्रेशरच होतं. खाली फिलिंग लूप असतो, वेणीसारखी चंदेरी नळी, तिचे दोन्ही कॉक उघडायचे, काटा दीडवर आला की बंद. पाच मिनिटांचं काम आहे. इंजिनियरला बोलावलंत तर नुसतं दारात यायचेच शंभर पौंड घेईल.

बर्लिनची_चिमणी
प्रेशर कमी असतं तर बॉयलर पेटलाच नसता, एरर दाखवून बसला असता. यांचा पेटतोय. हा कॅल्कचा, म्हणजे पाण्यातल्या चुन्याचा प्रॉब्लेम आहे. रेडिंगचं पाणी हार्ड आहे. आतमध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर असतो, पातळ पातळ पत्रे एकावर एक, त्यात चुना बसला की उष्णता पुढे जात नाही, बॉयलर जास्त तापून स्वतःच बंद होतो, मग थोड्या वेळाने परत पेटतो. म्हणून गरम-गार-गरम. व्हिनेगर घालून धुवायचा.

लेस्टरचा_पोपट
आणि व्हिनेगर घालणार कुठून? केटल आहे का ती?

बर्लिनची_चिमणी
काढून धुतात. मी स्वतः बघितलंय.

स्क्रू_ड्रायव्हर
थांबा जरा दोघंही. ताई, चार गोष्टी सांगा. १) फक्त शॉवर गार आहे का किचन आणि बेसिनचा नळपण? २) काटा कितीवर आहे? ३) नळ बारीक सोडला तर पाणी जास्त गरम येतं का? ४) हीटिंग चालू आहे का बंद? शॉवरच गार असेल तर बॉयलरला हातही लावू नका, शॉवरच्या मिक्सरमधलं कार्ट्रिज गेलेलं असतं.

हरित_ऊर्जा
माझं ऐकाल तर हा गॅसचा डबा काढून टाका आणि हीट पंप बसवा, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून विजेवर पाणी तापवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंड अनुदान देतं. आम्ही बसवला, अतिशय समाधानी.

मनीमाऊ
त्यांना आज आंघोळ करायचीय हो.

हरित_ऊर्जा
मी लाँग टर्म बोलतोय.

सईची_आई
काटा १.३ वर होता. तरी पोपटदादांनी सांगितलं म्हणून दीड करायला गेले तर आता २.७ दाखवतोय!!! कॉक बंद केला तरी काटा हळूहळू वर सरकतोय. फुटणार तर नाही ना? सासरे म्हणतायत खाली उभी राहू नकोस.

लेस्टरचा_पोपट
१.३ होतं तर भरलंत कशाला??

सईची_आई
तुम्हीच म्हणालात दीड.

स्क्रू_ड्रायव्हर
फुटणार नाही. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या पाइपातून जातं. पण तिथपर्यंत नेऊ नका, तो एकदा उघडला की पुष्कळदा नीट बसत नाही आणि मग गळत राहतो. काटा सरकतोय म्हणजे कॉक पूर्ण बंद नाहीये, लूपला दोन असतात, दोन्ही बघा, दांडी पाइपाला आडवी यायला हवी. मग बॉयलर बंद ठेवून गार होऊ द्या आणि कुठल्याही एका रेडिएटरच्या वरच्या टोकाला चावी लावून थोडं पाणी काढा. खाली कप धरा, जुनं फडकं घ्या, पाणी काळं येतं. गालिचा सांभाळा.

आबा_सातारकर
एवढा खटाटोप असेल तर आमचा बंब बरा. तांब्याचा होता, चार नारळाच्या शेंड्या आणि दोन गोवऱ्या घातल्या की अख्ख्या घराच्या आंघोळी. धुराचा वास असलेल्या पाण्याची मजा गीझरला नाही. तळ गळायला लागला की कल्हईवाल्याकडून डाग लावून घ्यायचा, संपलं.

मनीमाऊ
बंब!! आमच्या आजोळी परसात होता, त्याची तोटी उघडताना हमखास चटका बसायचा. आजी त्यात कडुनिंबाचा पाला टाकायची.

पुणेरी_तिरका
अवांतर होतंय याची कल्पना आहे, तरी सांगतो. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. गीझर बाहेर बाल्कनीत लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

स्क्रू_ड्रायव्हर
तुमचं म्हणणं बरोबर आहे पण त्यांचा बॉयलर तसला नाही, तो हवा बाहेरून घेतो आणि धूर फ्ल्यूमधून (धुराच्या पाइपातून) बाहेरच सोडतो. तरी सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म हवाच. ताई, आहे ना?

सईची_आई
अलार्म आहे, घरमालकाने लावलाय. प्रेशर १.४ वर आणलं, दुसरा कॉक खरंच अर्धा उघडा होता, धन्स. आता उत्तरं. किचनलापण कोमटच. बारीक सोडला तर किंचित बरं, पण कडकडीत नाहीच. हीटिंग एप्रिलमध्येच बंद केलंय, आता मे चालू आहे.

बर्लिनची_चिमणी
बारीक सोडल्यावर बरं म्हणजे कॅल्कच. मी सांगत होते.

लेस्टरचा_पोपट
बारीक सोडलं तर कुठलंही पाणी जास्त तापणार. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला दहाएक लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो, तुम्ही पाचच लिटर घेतलंत तर जास्त तापेल. यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाणीच गार येत असेल मेनमधून.

स्क्रू_ड्रायव्हर
मेनचं पाणी मेमध्ये जानेवारीपेक्षा बरं असतं, उलट आत्ता बॉयलरला काम सोपं आहे. हिवाळ्यात चालत होता आणि आत्ता चालत नाही, म्हणून हीटिंगचं विचारलं. ताई, एक करा. हीटिंग बंदच ठेवा, गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं पूर्ण सोडा आणि घरातल्या सगळ्या रेडिएटरना हात लावून या.

सईची_आई
सगळे गार आहेत. फक्त बाथरूममधली टॉवेल वाळवायची शिडी गरम आहे, पण ती रोजच असते, आंघोळ झाली की असतेच गरम. बरं पडतं, टॉवेल वाळतो.

स्क्रू_ड्रायव्हर
अहो मग हेच तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

हीटिंग बंद असताना ती शिडी तापता कामा नये. तुमचं गरम पाणी तिकडे जातंय. कॉम्बीमध्ये डायव्हर्टर व्हॉल्व्ह नावाचा भाग असतो, रेल्वेच्या सांध्यासारखा समजा. नळ उघडला की सांधा बदलतो आणि बॉयलरमधलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता त्या प्लेटवाल्या एक्स्चेंजरकडे वळतं, तिथे तुमचं नळाचं पाणी तापतं. हा सांधा मध्येच अडकलाय, म्हणजे निम्मी उष्णता नळाला आणि निम्मी टॉवेलला. बाकीच्या रेडिएटरच्या गोल मुठी उन्हाळ्यात तुम्ही बंद केल्या असणार म्हणून ते गार, शिडीला बहुतेक वेळा ती मूठ नसते. हिवाळ्यात सगळंच तापलेलं असायचं त्यामुळे कळलं नाही.

बर्लिनची_चिमणी
पण कॅल्कपण असू शकतं ना सोबत.

स्क्रू_ड्रायव्हर
असू शकतं. केसिंग उघडल्यावर कळेल.

लेस्टरचा_पोपट
अडकलाय ना, मग पान्याने दोनदा हळू ठोका. सुटतो. माझ्या मित्राचा सुटला होता.

स्क्रू_ड्रायव्हर
नका ठोकू. केसिंग तर अजिबातच उघडू नका, ते गॅस सेफ रजिस्टरवरच्या (इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतल्या) माणसाचं काम आहे, त्याचं कार्ड मागून बघा. आणि घरमालक म्हणालात म्हणजे भाड्याचं घर? मग तुम्ही प्रेशर भरत कशाला बसलात, एक मेल टाका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याप्रमाणे गरम पाणी आणि हीटिंगची दुरुस्ती मालकाकडे असते. फोनवर सांगू नका, लेखी सांगा, शिडीचा मुद्दा त्यात घाला म्हणजे येणारा माणूस पार्ट घेऊनच येईल.

हरित_ऊर्जा
भाड्याचं असेल तर हीट पंपाबद्दल मालकाशी बोलून बघा.

मनीमाऊ
😂

सईची_आई
(चार दिवसांनी) अपडेट द्यायचं राहिलं. मालकाने आधी ‘रिसेट करून बघा’ असाच रिप्लाय दिला, मग परत मेल टाकला तेव्हा शुक्रवारी माणूस पाठवला. डायव्हर्टर व्हॉल्व्हच होता. मी शिडीचं सांगितल्यावर म्हणाला हे कोणी सांगितलं तुम्हाला, पार्ट व्हॅनमध्येच होता, तासाभरात झालं. प्लेटमध्ये चुनापण होता थोडा, चिमणीताई. आता पाणी इतकं गरम येतंय की सासूबाई म्हणाल्या विसण घाल. फक्त टॉवेल वाळत नाहीत.

बर्लिनची_चिमणी
थोडा म्हणजे किती?

आबा_सातारकर
छान झालं. तो तांब्याचा बंब हल्ली नवा कुठे मिळतो का कोणाला माहीत आहे? जावयाला फार्महाउससाठी हवाय.