पागोळ्यांचं पाणी कुणाचं?

ताई, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पावसाचं पाणी साठवणं गुन्हा आहे, असं तुम्ही लिहिलंय. आता तसं राहिलेलं नाही. २०१६ पासून तिथं घरटी दोन पिंपं ठेवता येतात, दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे जेमतेम ४१६ लिटर. नदीचं पाणी ज्यानं आधी वापरात आणलं त्याचा हक्क आधी, असा तिथला कायदा. छपरावरचं पाणीही शेवटी नदीलाच जायचं, असं ते धरतात.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडं हे पटायचं नाही. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारं वजा करूनही ३७ हजार लिटर हाती लागतं! पागोळ्यांवरून आमच्यात कुणी भांडत नाही. भांडण ओढ्यावर होतं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं ओघळ अडवून शेततळं भरलं, त्या वर्षी आमच्या विहिरीनं दिवाळीतच तळ गाठला. त्याचं पीक जगलं याचं दुःख नाही, पण विचारायला तरी हवं होतं.

म्हणून मला येरळा नदीवरचं बळीराजा धरण फार मोलाचं वाटतं. खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. ज्याची जमीन त्याचंच पाणी, ही समजूत तिथं मोडली.

तुमच्या गावात बंधाऱ्याचं काम निघालंय म्हणता, तर खालच्या अंगाच्या विहिरीवाल्यांना जेसीबी यायच्या आधी बैठकीला बोलवा.