शब्दचर्चा : ठराव, निर्णय की नियम?

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. पहिल्याच पानावर लिहिलं, 'इ.स. 325 मध्ये निकियाच्या परिषदेने ठराव मंजूर केला की, पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे.' (पुत्र म्हणजे येशू, पिता म्हणजे देव; परिषद म्हणजे बिशपांची सभा.) आमच्या सोसायटीतल्या कॅथलिक आजोबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मग पुढच्या सभेत रद्दही करता येईल का?" (पार्किंगचा ठराव आमच्याकडे गेल्याच महिन्यात फिरवला गेला, त्याचा राग होता तो.) 'ठराव'ऐवजी काय लिहू? आणि 'परिषद' तरी चालेल ना?

प्रतिसाद :
'परिषद' बिनधास्त ठेवा. टिळक रस्त्यावरून जाणाऱ्याला साहित्य परिषद आठवेल, बाकीच्यांना जिल्हा परिषद, पण शब्द मुळात धर्मनिर्णयाचाच आहे. मनुस्मृतीत शंका आली तर किमान दहा, नाहीतर तीन जाणत्यांची परिषद सांगेल तो धर्म, असं आहे. 'संगीती' मात्र नको, तो बौद्धांचा शब्द आणि त्यात एकत्र पठणाचा अर्थ आहे.

प्रतिसाद :
आजोबांचं बरोबर आहे. ठराव बहुमताने होतो आणि बहुमताने जातो. कॅथलिकांच्या मते परिषद नवं काही ठरवत नाही. येशूच्या प्रेषितांपासून (पहिल्या शिष्यांपासून) जे आलं ते नेमकं काय, एवढंच ती वाद मिटवून सांगते. याला आपल्याकडे आयता शब्द आहे : निर्णय. तिथीनिर्णय करणारा एकादशी निर्माण करत नाही, ती कोणत्या दिवशी धरायची ते सांगतो. कमलाकर भट्टांच्या 'निर्णयसिंधु' या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला 'निर्णय' हाच. म्हणून तो मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही. शब्द वाढू शकतात. 325 चा विश्वासांगीकार (श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला विस्तारला, पण 'एकाच तत्त्वाचा' हे जागच्या जागी राहिलं.

प्रतिसाद :
सगळंच कायमचं नसतं हो! निकियाच्या परिषदेनेच 20 कॅननही (कलमं) केले. त्यातला शेवटचा सांगतो की रविवारी उभं राहून प्रार्थना करावी, गुडघे टेकू नयेत. कॅम्पातल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) जाऊन बघा, भाकर आणि द्राक्षारसाच्या अभिमंत्रणाच्या वेळी सगळे गुडघ्यांवर. कोणी पाखंडी ठरत नाही, कारण तो शिस्तीचा नियम होता.
पण म्हणून कॅनन म्हणजे सरसकट 'नियम' असं लिहू नका. ट्रेंटच्या परिषदेचे (1545 ते 1563) कितीतरी कॅनन थेट सिद्धान्ताचे आहेत : अमुक कोणी म्हणेल तर तो बहिष्कृत असो. कॅनन हा ग्रीक शब्द मुळात मोजायच्या काठीचा. 'मानदंड' म्हणजे अगदी तेच, पण वाचक अडखळेल. मी असतो तर 'कॅनन'च ठेवला असता आणि प्रत्येक ठिकाणी तो सिद्धान्ताचा की शिस्तीचा ते वाक्यात सांगितलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती :
आभार. पहिलं वाक्य आता असं : 'निकियाच्या परिषदेने निर्णय दिला की…' 'केला' नाही, 'दिला'. 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेतही गाडी अडली होती : पोपने अधिकारपीठावरून दिलेली सिद्धान्ताची व्याख्या चर्चच्या संमतीमुळे नव्हे, तर स्वतःहूनच 'अपरिवर्तनीय'. तिथे 'ठराव' लिहिला असता तर वाक्य स्वतःशीच भांडलं असतं.
एक गाठ उरलीय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (1962 ते 1965) 16 दस्तऐवजांत 9 डिक्री आहेत, त्यातली एक प्रसारमाध्यमांवर! तिला 'निर्णय' कसं म्हणू?

प्रतिसाद :
नका म्हणू. तिथे डिक्री ही दस्तऐवजाची प्रतवारी आहे, त्या परिषदेने नवा सिद्धान्त घोषित केलाच नाही. 'आदेशपत्र' लिहा आणि आजोबांना पुन्हा वाचायला द्या.