तिसरीतला मुलगा, चार भाषा आणि वाचनाचा घोळ. नक्की प्रॉब्लेम कशात आहे?

रावपुऱ्याची_सून

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचा मुलगा गेल्या महिन्यात आठ पूर्ण झाला, तिसरीत आहे, सीबीएसई इंग्लिश मीडियम. घरी मराठी, खाली सोसायटीत गेला की गुजराती, शाळेत इंग्लिश आणि हिंदी, आणि आम्ही बडोद्यात, गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती कंपल्सरी झालंय म्हणून तो पण एक विषय. बोलायला चारही भाषा फाडफाड बोलतो, खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी भाव माझ्यापेक्षा चांगला करतो. पुस्तक उघडलं की तोंड बंद.

गंमत म्हणजे मला इतके दिवस वाटायचं हा वाचतो. रोज रात्री गोष्टीचं पुस्तक घेऊन आजीला धडाधड वाचून दाखवायचा. परवा त्याच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि हा आपला मधल्या पानावरचंच बोलतोय, समोर चित्र विहिरीचं आणि हा सांगतोय म्हातारी बाजारात गेली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. अख्खं पुस्तक पाठ केलं होतं पोराने.

लिहिण्यात ‘मिठी’ चं कधी ‘मठी’ कधी ‘मीठ’, एकाच पानावर तीन प्रकार. पेन्सिल इतकी दाबतो की पुढच्या तीन पानांवर उमटतं. तोंडी विचारलं तर सायन्सचं सगळं येतं, पेपरात २० पैकी ४. शाळेत पीटीएमला मॅम म्हणाल्या ‘लेझी है, ध्यान नहीं देता’. ट्युशनच्या बेन म्हणतात एवढ्या भाषांनी गोंधळ होतो, घरी मराठी बंद करा. आता आजी-नातवाचं सगळं बोलणं मराठीत, ते कसं बंद करू? आणि ध्यान नाही म्हणावं तर उत्तरायणाला पंचवीस पतंगांचे किन्ने एकट्याने बसून बांधले, एकही वाकडा नाही.

डिस्लेक्सिया, म्हणजे ही वाचण्या-लिहिण्यातली अडचण, चार भाषांमुळे होतो का? टेस्ट आत्ताच करावी का थांबावं? हे म्हणतात मी पण असाच होतो, नंतर येतं सगळं, उगाच शिक्का नको मारून घेऊ.

---

मांजलपूरचा_मन्या

ताई आधी डोळे आणि कान दोन्ही नीट तपासून घ्या. माझ्या भाचीला सहा महिने सगळे ओरडत होते लक्ष देत नाही म्हणून, शेवटी कानात पाणी साठलेलं निघालं. बाकीचं त्यानंतर.

---

जुना_बडोदेकर

भाषांना दोष देऊ नका. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं शिक्षण केलं, तेव्हापासून आपली मराठी पोरं इथे गुजराती मराठी इंग्रजी सगळं शिकत आली. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात तर प्रत्येक पोराला तीन भाषा यायच्या. पण खरं सांगू का, हे डिस्लेक्सिया वगैरे अलीकडचं फॅड आहे. मोबाईल काढून घ्या, रोज दोन पानं शुद्धलेखन, वर्षात फरक दिसेल. आम्ही पट्टी खाऊनच शिकलो.

---

वाघोडियारोडची_टीचर

काकांचं पहिलं निम्मं एकदम बरोबर आणि दुसरं निम्मं एकदम चूक, राग मानू नका काका.

मी स्पेशल एज्युकेटर आहे, एमएस युनिव्हर्सिटीत ह्यूमन डेव्हलपमेंट केलं, तिथल्याच चेतन बालवाडीत तासन् तास मुलांचं निरीक्षण करत बसायचो तेव्हापासून हेच काम. जास्त भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. मेंदू शब्दातले सुटे आवाज कसे पकडतो आणि ते अक्षरांना कसे जोडतो, अडचण तिथे असते, बुद्धीत नाही आणि मेहनतीतही नाही. म्हणून शुद्धलेखनाची दोन पानं म्हणजे काका, मोडक्या पायाने दोन मैल चालायला सांगण्यासारखं. मूल दोन पानं नक्कल करेल, वाचायला काही शिकणार नाही, वर अक्षरांचा तिटकारा येईल तो वेगळा.

एका भाषेचा फक्त सराव कमी पडला असेल तर मूल त्या एकाच भाषेत अडकतं. डिस्लेक्सिया असेल तर सगळीकडे काही ना काही दिसतं, फक्त रूप बदलतं. इंग्लिशमध्ये स्पेलिंगचा भरवसा नाही म्हणून तिथे चुका ढिगाने. मराठीत जसं लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं असतं, त्यामुळे चुका कमी पण गाडी बैलगाडी. ‘मिठी’ तुम्ही बरोबर पकडलीत. पहिली वेलांटी लिहायची ‘म’ च्या आधी आणि बोलायची नंतर, हा उलटा हिशोब ह्या मुलांना फार छळतो. गुजरातीत तीच गंमत, वर शिरोरेषा पण नाही, म्हणजे दोन लिप्या सारख्या असून वेगळ्या.

आज घरी एक करून बघा, टेस्ट नाही हं, खेळ म्हणून. वही-पेन्सिल काही नको. विचारा, ‘बटाटा’ मधला ‘ब’ काढला तर काय उरतं? ‘टाटा’ आलं की पोरं हसतात. मग ‘कागद’ मधला ‘ग’ काढ. आठ वर्षाच्या मुलाला हे पटकन यायला हवं. फार अडखळला तर वाट बघत बसू नका.

टेस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. त्यांचं आणि स्पेशल एज्युकेटरचंही आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का ते सरळ विचारा, लाजायचं नाही. आधी बुद्ध्यांक बघतात, मग वाचन, लेखन, गणित. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बंगलोरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. मुलाची घरची भाषा मराठी आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, नुसत्या इंग्लिशवर निकाल लावू देऊ नका.

आणि मराठी बंद अजिबात करू नका. आजीशी गप्पा मारतो त्यातूनच त्याचा शब्दसाठा वाढतोय, वाचून तर त्याला सध्या काही मिळत नाहीये. मोठ्या ताटात रवा पसरा, दिवसाला एकच अक्षर, बोटाने मोठं गिरवायचं आणि गिरवताना तोंडाने आवाज काढायचा. दहा मिनिटं, बास.

---

आकाशकंदील

माझा मुलगा आता दहावीत आहे म्हणून फक्त त्या शिक्क्याबद्दल लिहिते. ताई, शिक्का आधीच बसलेला असतो हो. माझ्याकडे कागद येण्याआधी शाळेत त्याला ‘ढ’ म्हणायचेच, तो बसमध्ये शेवटच्या सीटवर बसायचा आणि घरी येऊन टिफिन न उघडता परत द्यायचा. टेस्ट झाली त्या दिवशी मॅडमने त्याला समोर बसवून सांगितलं की तू मठ्ठ नाहीयेस, तुझी वाचायची पद्धत वेगळी आहे. लिफ्टमध्ये मला विचारतो, ‘मग तू मला आधी का नाही सांगितलंस?’ काय उत्तर देणार.

कागदाचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत, त्यात डिस्लेक्सिया येतो. सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारी मेडिकल बोर्डाकडून मिळतं, पुढे १४ आणि १८ ला परत तपासणी. प्रायव्हेट रिपोर्ट वेगळा आणि हे वेगळं, आम्ही ह्याच्यात एक वर्ष घालवलं. सीबीएसई बोर्डाला तासामागे २० मिनिटं जास्त मिळतात म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक पण घेता येतो. तिसऱ्या भाषेतून सूट हवी असेल तर शाळेला लेखी अर्ज द्या, तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही, पोच घ्या.

आणि अभ्यास तुम्ही वाचून दाखवा. चीटिंग नाहीये ते. माझा इतिहास सगळा ऐकून शिकलाय.

---

जुना_बडोदेकर

बरं. माझा एक वर्गमित्र होता, अख्खं गणित तोंडी करायचा आणि पाटीवर एक अक्षर धड नाही. सातवीत शाळा सोडली, पुढे रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. आज सकाळपासून तोच डोळ्यासमोर आहे. पट्टीचं मागे घेतो.

---

रावपुऱ्याची_सून

सगळ्यांना खूप थँक्यू, काका तुम्हाला पण. कान-डोळे काल झाले, दोन्ही ठीक. सायकॉलॉजिस्टची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली, मराठी समजणाऱ्या आहेत. ट्युशन सध्या बंद. सासूबाईंनी रवा काढून दिला पण भाजून ठेवलेला होता, त्यामुळे घरभर वास आणि पोराने निम्मा ‘क’ खाल्ला.

बटाट्याचा खेळ रात्री जेवताना केला. त्याला ‘टाटा’ यायला बराच वेळ लागला, ‘कागद’ ला ‘काग’ म्हणाला, मग वैतागला. मी सोडून दिलं. तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं, पोळीचा घास तसाच हातात आणि ओठ हलतायत. हे पेपरचे नुसते मथळे बघतात, बँकेचा फॉर्म आला की चष्मा विसरलो म्हणून माझ्याकडे सरकवतात, लग्नाला अकरा वर्षं झाली, मी कधी विचारच केला नाही. भांडी घासायला घेतली तेव्हा मागून येऊन हळूच म्हणाले, ‘काद ना?’

टीचर ताई, मोठ्या माणसांची पण टेस्ट होते का हो?